लेबल नसलेली बाटली

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक बाई ठाण्यात आली आणि तिने माझ्या टेबलावर प्लास्टिकची बाटली ठेवली. तिचा नवरा त्या वेळी ॲम्ब्युलन्समधून यवतमाळच्या वाटेवर होता.

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्यातला, हेही कधी कधी सांगता येत नाही. ही घटना मात्र वेगळी उरली आहे. तिच्यात माझ्यासोबत असलेले जमादार यंदाच्या उन्हाळ्यात वारले. तेव्हापासून हे लिहायचे म्हणतो आहे. दिवसाला चार-पाच ओळी होतात. कोणाचे नाव लिहिणार नाही, कारण त्यातले बरेच लोक आपापल्या गावी सुखाने राहत आहेत.

मी तेव्हा वणी भागातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. मूळचा घाटावरचा, त्यामुळे इथली बोली कानाला सरावली होती तरी जिभेवर आली नव्हती. गुलाबी बोंडअळी कपाशीत परत आली होती ती याच वर्षांत. अळी बियाण्याला दाद देत नव्हती आणि फवारण्या वाढत चालल्या होत्या. कृषी केंद्रांवर तपासण्या सुरू झाल्या, तसा चोरटा माल दुकानातून उठला आणि मोबाईलमध्ये जाऊन बसला. आधी मंजुरी नसलेले बियाणे आले. त्याला शेतकरी 'चोर बीटी' म्हणत. पावसाळा लागला की त्याच ग्रुपवर फवारणीची औषधे निघत. ना दुकान, ना पाटी, ना पावती. ग्रुपवर मागणी टाकायची, पैसे मोबाईलवरूनच पाठवायचे आणि एखाद्या फाट्यावरच्या पानठेल्यावरून पिशवी उचलायची. विकणारा कोण, हे घेणाऱ्याला ठाऊक नसे. आमच्याकडे तक्रार येत नसे, कारण तक्रार करणाऱ्याने स्वतःच चोरीचा माल घेतलेला असे.

म्हणून ती बाई आली याचे मला आजही नवल वाटते. ती तिशीच्या आतबाहेरची असेल. मारेगावकडची मजूर होती. नवरा दुसऱ्याच्या शेतात पाठीवर चायना पंप घेऊन फवारणी करत होता. सकाळी वारा उलटा फिरला, तरी पोळ्याआधी वावर उरकायचे म्हणून तो थांबला नाही. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच पडला. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याला तपासले आणि लगेच यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले.

"तुम्ही सोबत नाही गेलात?" मी विचारले.

"सासूले बसवलं गाडीत. मले जाचं होतं साहेब. पन म्हनलं, संगं जाऊन मी काय करू? रडूच ना? डॉक्टर इचारून राह्यले का बाटलीत काय होतं. बाटलीले नावच नाई. मंग मी इकडं आली."

बाटलीवर खरोखरच काही नव्हते. लेबल खरवडून काढल्याची खूणही नव्हती. ते कधी लावलेलेच नव्हते. तळाशी बोटभर पिवळट औषध होते.

मी नियमाप्रमाणे स्टेशन डायरीत नोंद घेतली, बाटली पंचांसमक्ष सीलबंद केली आणि नमुना प्रयोगशाळेला पाठवायची तयारी केली. ती सगळे पाहत होती. शेवटी म्हणाली, "हे कवा कळन?"

प्रयोगशाळेचा अहवाल गुन्ह्याच्या कामी येतो, रुग्णाच्या नाही. हे तिला सांगताना मला जड गेले.

"मंग आरोपी तुमी सावकाश पकडा," ती म्हणाली. "आधी बाटलीत काय होतं तेवढं इचारा."

तोवर रुग्ण यवतमाळला पोचला होता. मी तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले की लक्षणे एका विषाची दिसत नाहीत, दोन-तीन औषधे मिसळलेली असावीत. एक इंजेक्शन द्यावे की नाही, यावर ते अडले होते. एका विषात त्याचा फायदा होतो, दुसऱ्यात अपाय. "नावे मिळाली तर फार बरे," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत मी त्याला धरून ठेवू शकेन असे वाटते. पुढचे सांगता येत नाही."

एवढी स्पष्ट मुदत मला कोणत्याही वरिष्ठाने कधी दिली नव्हती.

आमची एक महिला शिपाई सोबत देऊन बाईला एस.टी.ने यवतमाळला रवाना केले आणि मी जमादारांना घेऊन शेतमालकाच्या बंजारा तांड्यावर गेलो.

जमादार माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आलेले. जमादारांच्या बोलण्यात घाई नसे आणि आवाज मात्र असा, की ठाण्याच्या आवारातून हाक मारली तर रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघे. संशयिताशी बोलताना ते आधी त्याच्या शेताची, घराची चौकशी करत. मला सुरुवातीला तो वेळेचा अपव्यय वाटे. नंतर लक्षात आले की माणूस घाबरलेला असतो तोवर फक्त उत्तरे देतो, बोलत नाही.

शेतमालक अंगणात बैलांचे खांदे शेकत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि लोणी लावून बैलांचे खांदे चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतन देतात. आम्हाला पाहून त्याचा हात तिथेच थांबला.

"औषध कुठून घेतले?"

"दुकानातून घेतलतं साहेब."

"कोणत्या?"

"आता ध्यानात नाई."

"मोबाईल दाखवा."

"पान्यात पडला."

जमादारांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "जोडी चांगली राखली तुम्ही. उद्या तोरनाखाली कितवा नंबर?"

"हाय आपला मधातच."

"मधात हाय तं बरं हाय. आमच्या बाची जोडी सगळ्याच्या मांगं उभी राहे." मग त्याच सुरात ते म्हणाले, "हे पाहा, तुम्ही माल घेतला, त्याचं पुढं पाहू. तुमच्या वावरात पडलेला मानूस मेला तं काय होते, ते साहेबाले सांगा लागत नाई. तुमाले समजते."

तो पुन्हा बैलाचा खांदा चोळू लागला. दारातून त्याची बायको बाहेर आली आणि त्याला गोरबोलीत काहीतरी बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण ती विनंती नव्हती. तो आत गेला आणि ज्वारीच्या कणगीतून मोबाईल काढून घेऊन आला.

ग्रुपवर अनेक गावांचे शेतकरी होते. चालवणारा स्वतःला 'काका' म्हणवत असे. फोटो म्हणून कपाशीचे बोंड. त्याचा नंबर सायबर शाखेला कळवला. त्यांनी तत्परतेने काम सुरू केले, पण कंपनीकडून माहिती यायला वेळ लागतो आणि उद्या सण होता. मारेगावच्या फाट्यावरच्या पानठेलेवाल्याने सांगितले की पिशव्या कधी या ऑटोतून, कधी त्या ऑटोतून येतात. देणाराही पिशवीत काय ते जाणत नाही. तो खरे बोलत होता.

ठाण्यात परत आल्यावर आम्ही ग्रुपवरचे संदेश पुन्हा वाचत बसलो. त्यात त्याच दिवशी सकाळी काकाने टाकलेला एक आवाजी संदेश होता. मी तो सोडून पुढे जाणार होतो. जमादारांनी थांबवले आणि वाजवायला सांगितले.

"कपाशीवर बसली अळी, अळीले कोनाचा मार?
दुकानाच्या डब्यात पानी, पान्याचाच व्यापार!
काकाची बाटली फवारा, अळी जाईन वर्धेपार!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या भागात पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की लोक एकेक करून पुढे येऊन अशा तुकबंद्या ललकारतात. त्यांना झडत्या म्हणतात. पोलीस घेतात त्या झडतीशी त्यांचा संबंध नाही. एकाने म्हटली की दुसरा तिला वरचढ उत्तर देतो. पाटलापासून सरकारपर्यंत कोणालाही त्यात सोडत नाहीत, आणि त्या दिवशी कोणी रागावत नाही. काकाने आपल्या मालाची जाहिरातच झडतीत केली होती. खाली शेतकऱ्यांच्या हसण्याच्या आणि टाळ्यांच्या खुणांची रांग लागली होती.

जमादारांनी ती तीन-चारदा ऐकली. "मांगं भोंगा वाजून राह्यला," ते म्हणाले. "राजूरच्या खानीचा हाय. पाळी बदलते तवाचा. मी होतो तिथं."

मला तो ऐकू आला नव्हता. पुन्हा वाजवल्यावर अस्पष्ट ऐकू आला. पण भोंग्याच्या टप्प्यात गावे बरीच होती.

"साहेब, मानूस उद्या सापडते," जमादार शांतपणे म्हणाले.

"कसा?"

"एवढी चांगली झडती करनारा मोबाईलात घालून गप बसन का? त्याले तोरनाखाली म्हनाच लागते. तिकडं झडत्याईचं गाव एकच हाय. आजूबाजूचे सारे तिथं जाते."

"पण ती झडती ग्रुपवर सगळ्यांनी ऐकली आहे. उद्या पंचवीस जण तीच म्हणतील."

"म्हनू द्या. अशी एखादी तऱ्हा करू का फक्त ज्याची हाय त्यालेच झोंबन."

मी उपविभागीय अधिकाऱ्यांची परवानगी घेतली आणि शेजारच्या ठाण्याला कळवले. कागदावर या योजनेला मी काय नाव दिले ते आता आठवत नाही. 'पोळा बंदोबस्त' असेच लिहिले असावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. रुग्णाचा श्वास कमी झाला होता. बाई खाटेशेजारी होती आणि आमच्या महिला शिपायाला सारखे एकच विचारत होती, नाव कळलं का.

उन्हे उतरता उतरता आम्ही त्या गावी पोचलो. मैदानात दोन खांबांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. जमादार पायजम्यावर, खांद्यावर दुपट्टा टाकून आले होते. मी साध्या कपड्यात बाजूला उभा राहिलो. अगोदर गावातल्यांच्या झडत्या झाल्या. काकाची झडतीही एका पोराने म्हणून टाकली. लोक हसले आणि पुढे गेले. मी आजूबाजूचे चेहरे पाहत होतो. कोणी हलले नाही.

मग जमादार तोरणाखाली गेले.

"कोन्या गावचे पाहुने?" कोणीतरी ओरडले.

"मारेगावाकडचा! आमच्या घरी देव नाई, पन बैल हाय!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. जमादारांनी छाती भरून घेतली आणि काकाची झडती ललकारली. त्यांचे वडील आपली जोडी घेऊन सगळ्यांच्या मागे उभे राहत. तिथून पुढच्यांना ऐकू जावे म्हणून हा आवाज लहानपणीच घडला होता, असे त्यांनी मला मागे सांगितले होते. मैदानाच्या टोकापर्यंत शब्द गेले. फक्त शेवटी त्यांनी 'वर्धेपार' ऐवजी 'पैनगंगेपार' म्हटले.

"पाहुनं, वर्धा हाय तिथं! नदी चुकली!" एक म्हातारा हसत म्हणाला.

"बुवा, झडती माह्यी अन् नदी तुमी सांगता?" जमादार गरजले. "म्याच केली हे. काल मोबाईलात सोडली, तं अर्धा जिल्हा म्हनून राह्यला. इचारा कोनालेही!"

"खोटं हाय ते!"

आवाज बैलांच्या रांगेमागून आला. चाळिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस पुढे सरकत होता.

"काय खोटं?" जमादारांनी विचारले.

"तुमची नाई ते."

"मंग तुही हाय का? तोंड पाह्यलं का आरशात? तुह्यानं जुळन का असं?"

"कोनाची का असंना," तो चाचरला.

"कोनाची का असंना म्हनतो! म्हंजे माह्यीच. राजेहो, ऐका, पुढचीबी म्याच केली हाय—"

पुढची अर्थात त्यांना येतच नव्हती. पण त्या माणसाला ते सहन झाले नाही. तो तोरणाखाली आला, जमादारांना खांद्याने बाजूला केले आणि पहिल्यापासून झडती म्हटली. आवाज तोच, ठेका तोच. ती संपताच त्याने दुसरीही म्हटली, जी ग्रुपवर आलेलीच नव्हती. मैदान दणाणले. जमादारांनी त्याला मिठी मारली, खांद्यावर हात टाकला आणि हसत हसत त्याला माझ्याकडे घेऊन आले.

सणाचा विरस होऊ नये म्हणून आम्ही त्याला शाळेच्या व्हरांड्यात नेले. माझी ओळख सांगितली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"मी फक्त झडत्या करतो साहेब. बाकी मले काई मालूम नाई."

त्याच्या खिशातला मोबाईल काढून त्याच्याच हाताने उघडायला लावला. कपाशीच्या बोंडाचा फोटो समोर आला. तो खाली बसला. पूर्वी एका कृषी केंद्रात विक्रीला होता, ते बंद पडले. मुदत संपलेला माल कवडीमोलाने घ्यायचा, एकात एक मिसळायचा, थोडे घरचे घालायचे. एवढे त्याने पुढे सांगितले. पण त्या वेळी त्याचे एकच पालुपद होते: सांगितले तर अडकेन.

मी त्याला कायदा सांगितला. "पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हे मी स्वतः तुला सांगतो आहे. आणि आत्ता मी लिहूनही घेत नाही. हा फोन स्पीकरवर डॉक्टरांना लावला आहे. त्यांच्याशी बोल."

डॉक्टर म्हणाले, "मी पोलीस नाही. मला तुमचे नाव नको. औषधांची नावे सांगा."

त्याने फोन दूर सारला. बाहेर ढोल वाजत होते. मी आवाज चढवायच्या बेतात होतो, तेवढ्यात जमादारांनी माझ्या हाताला हात लावला. ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

"दुसरी झडती पयलीपेक्षा चांगली होती," ते म्हणाले. "खरं सांगतो. म्या जवानीत लय केल्या, पन असं जमलं नाई."

त्याने डोळे वर केले. "खरंच?"

"खोटं कायले बोलू? झडती कोनाची, हे तुले गावापुढं सांगाच लागलं. मंग बाटली कोनाची, हेबी तूच सांग ना बापा."

तेव्हा फोनवर दुसरा आवाज आला. डॉक्टरांच्या हातातून त्या बाईने फोन घेतला होता.

"भाऊ, तुमी कोन हा ते मले नाई पायजे. मी शिव्या देत नाई, काई नाई. आज पोळा हाय. बैलाले पुरनपोळी चारली असन तुमी. आमच्या घरी बैल नाई. आमचा हा मानूसच वावरात राबते. त्याच्यासाठी तेवढं नाव सांगा, भाऊ."

तो रडला नाही. डोळे मिटून, धडा म्हटल्यासारखी त्याने तीन नावे घेतली. कोणते किती तेही सांगितले. डॉक्टरांनी प्रत्येक नाव त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले आणि फोन बंद झाला. त्यांनी ते इंजेक्शन दिले नाही. वेगळे उपचार सुरू केले. एक दिवस उशीर झाला असता तर काहीच उपयोग नव्हता, असे ते नंतर म्हणाले.

पुढचे काम नेहमीचे होते. त्याच्या शेडमधून कॅन, गाळणी, रिकाम्या बाटल्या जप्त झाल्या. गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र गेले, शेतमालक साक्षीला उभा राहिला. आरोपीला शिक्षा झाली. त्याने डॉक्टरांना वेळेत माहिती दिली ही बाब सरकारी वकिलांनी आपणहून न्यायालयापुढे मांडली आणि न्यायाधीशांनी ती विचारात घेतली. मला ते योग्यच वाटले.

ग्रुपचे काय झाले? आम्ही तो बंद केला नाही, करायची वेळच आली नाही. रुग्णाची बातमी कळली तसे लोक एकेक करून बाहेर पडले. आदल्या दिवशी जिथे टाळ्या पडत होत्या, तिथे आठवड्यात कोणी उरले नाही. ज्या बाजाराला दुकान नाही, त्याची पाडायला भिंतही नसते. विश्वास गेला की तो संपतो. पुढच्या हंगामात दुसऱ्या नावाने दुसरे ग्रुप आलेच. पण त्या भागातले शेतकरी बाटलीवर लेबल आहे का, हे आधी पाहू लागले आणि कधी कधी आम्हाला फोन करू लागले. पोलिसाला असा फोन येणे ही मोठी कमाई आहे.

मी पुस्तकात रमणारा माणूस. तपासाचे शास्त्र वाचून शिकता येते अशी माझी समजूत होती, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण या प्रकरणातला निर्णायक पुरावा एका माणसाच्या अभिमानातून आला आणि निर्णायक माहिती एका बाईच्या सौजन्यातून. जिला शिव्या द्यायचा हक्क होता, तिने त्याला भाऊ म्हटले. माझ्या वर्दीला जे जमत नव्हते ते त्या शब्दाने झाले. तिच्यासाठी, नवऱ्याला सुनावणाऱ्या तांड्यावरच्या त्या गृहिणीसाठी, आणि आरोपीच्या झडतीला मनापासून दाद देणाऱ्या जमादारांसाठी माझ्या मनात कृतज्ञता आहे. जमादारांना मला ते कधी नीट बोलून दाखवता आले नाही. विषय काढला की ते हसण्यावारी नेत. "साहेब, पैनगंगेनं वाचवलं," म्हणत.

यंदा मी त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या विधीला, गेलो होतो. चार शब्द बोला म्हणाले. मला उभे राहता आले नाही. मागच्या रांगेत एक जोडपे बसले होते. बाईंनी मला ओळखले आणि नवऱ्याला पुढे केले.

त्याच्या उजव्या डोळ्याला कमी दिसते. फवारणीला तो आता जात नाही. दोघे मिळून शेळ्या पाळतात.